शेजारधर्म आणि शेजाऱ्याचा धर्म

पदवीचे शिक्षण घेणारा विद्यार्थी एका मुख्य विषयात प्रावीण्य मिळवतो. त्याच्या जोडीला दुसऱ्या एखाद्या विषयाचे मोजके पेपर घेऊन त्याची पायाभूत ओळख करून घेता येते. यालाच गौण विषय किंवा ‘मायनर’ म्हणतात. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. भारतातही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ती रूढ होत आहे. मुस्लिमांच्या श्रद्धा, इतिहास व संस्कृती यांचा अभ्यास हा असाच एक गौण विषय आहे. तो कॅथलिक विद्यापीठांतही शिकवला जातो, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. शिकागो येथील येशूसंघीयांच्या लोयोला विद्यापीठाने असा अभ्यासक्रम सुरू केला. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाऊन या येशूसंघीय विद्यापीठात १९९३ साली मुस्लिम-ख्रिस्ती सामंजस्यासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. कॅथलिक संस्थांनी हे कार्य का हाती घ्यावे?

अभ्यासाचे स्वरूप

अशा अभ्यासक्रमाचे साधारणपणे तीन भाग असतात. पहिला भाग श्रद्धेचा : कुराणातील ११४ अध्याय, पैगंबर मुहंमद यांचे जीवन, प्रार्थना, उपवास, दानधर्म व हजयात्रा. दुसरा भाग इतिहासाचा : इ. स. ६२२ मधील मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरापासून दमास्कस, बगदाद व इस्तंबूल येथील सत्तांपर्यंत. या इतिहासात आपलीही माणसे भेटतात. नवव्या शतकात बगदाद येथे ग्रीक वैद्यकग्रंथांचे भाषांतर करणारा हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती वैद्य होता; तर संत थॉमस अक्विनास यांनी इब्न सिना व इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञांचे विचार बारकाईने अभ्यासले होते. तिसरा भाग संस्कृतीचा : भाषा, वाङ्मय, वास्तुकला आणि लोकजीवन. जगातील बहुसंख्य मुस्लिम अरब नाहीत, ही साधी गोष्टही अनेकांना येथेच प्रथम कळते.

ख्रिस्तसभेची शिकवण

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. एकाच परमेश्वराची आराधना करणाऱ्या मुस्लिम बांधवांविषयी ख्रिस्तसभेला आदर वाटतो, असे त्यात नमूद आहे. गतकाळातील वैर मागे टाकून परस्परांना समजून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा, असे आवाहनही परिषदेने केले. केवळ सदिच्छेने हे समजून घेणे साधत नाही. त्यासाठी अभ्यास करावा लागतो.

या अभ्यासाचा हेतू मात्र सदैव एकच नव्हता. क्लुनी मठाचे मठाधिपती पीटर यांनी करवून घेतलेले कुराणाचे लॅटिन भाषांतर ११४३ साली पूर्ण झाले. त्यामागे खंडनाचा हेतू होता. १२१९ साली धर्मयुद्ध सुरू असताना असिसीचे संत फ्रान्सिस हे शस्त्राविना इजिप्तच्या सुलतानाला भेटले. १५८० साली गोव्याहून निघालेले येशूसंघीय धर्मगुरू रुदोल्फ अक्वाविवा व त्यांचे सहकारी फतेहपूर सिक्री येथे अकबराच्या दरबारी पोहोचले. अक्वाविवा फारसी शिकले, परंतु तेथील चर्चांत खंडनमंडनाचाच भर राहिला. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी, पाटण्याला राहिलेले येशूसंघीय धर्मगुरू पॉल जॅक्सन यांनी बिहारचे सुफी संत शरफुद्दीन मनेरी यांच्या फारसी पत्रांचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९८० साली प्रसिद्ध झाले. येथे हेतू खंडनाचा नव्हता. दुसऱ्याची प्रार्थना समजून घेण्याचा होता.

श्रद्धेला धोका आहे काय?

अनेक पालकांच्या मनात ही शंका येते. कुराणाचा एकोणिसावा अध्याय मरियेच्या नावाने ओळखला जातो. येशूचा जन्म कुमारी मरियेपासून झाला, हे मुस्लिमही मानतात. परंतु येशूला ते पैगंबर मानतात, देवपुत्र नव्हे. त्याचे क्रुसावरील मरण व पवित्र त्रैक्य ही सत्ये ते स्वीकारत नाहीत. हे भेद मूलभूत आहेत आणि चांगला अभ्यास ते झाकून ठेवत नाही. उलट, “एकच देव तीन व्यक्ती कसा?” असे वर्गातील मुस्लिम मैत्रिणीने विचारले, की आपल्या मुलीला स्वतःचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ पुन्हा उघडावा लागतो. दुसऱ्याच्या श्रद्धेचा अभ्यास करणारा स्वतःच्या श्रद्धेचाही विद्यार्थी होतो.

अर्थात, पाच-सहा पेपरांनी कोणी पंडित होत नाही. विषय निवडण्यापूर्वी अभ्यासक्रम पाहावा, मूळ ग्रंथांचे वाचन त्यात आहे की नाही हे तपासावे. पुस्तकांइतकीच प्रत्यक्ष माणसांची ओळखही आवश्यक आहे.

आज मुस्लिम समाजाविषयीचा कितीतरी मजकूर आपल्या मोबाइलवर येतो आणि तो शहानिशा न करता आपण पुढे पाठवतो. आठवी आज्ञा शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्यास मनाई करते. ती आज्ञा केवळ न्यायालयापुरती नाही. जे आपण जाणत नाही ते ठामपणे सांगणे, हीदेखील खोटी साक्षच होय. आपल्या घरातील एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय निवडला, तर त्याला परावृत्त करण्याऐवजी तो काय शिकला हे त्याच्याकडून ऐकावे. शेजाऱ्याचा धर्म जाणून घेणे हाही शेजारधर्मच आहे.