एका नकाराचा उत्सव

राष्ट्रीय सण म्हटला कीं विजयाचा किंवा स्वातंत्र्यप्राप्तीचा दिवस आपल्या डोळ्यांपुढें येतो. परंतु ग्रीस देशांत दरवर्षीं २८ ऑक्टोबर रोजीं जो सण होतो, तो युद्ध संपल्याचा नसून सुरू झाल्याचा आहे. आणि त्याचें नांवही एका अव्ययावरून पडलें आहे. 'ओही', म्हणजे 'नाहीं', हें तें अव्यय. संस्कृतज्ञ वाचकांस येथें एक गंमत सांगावीशी वाटते. प्राचीन ग्रीक भाषेंतील 'ऊखि' या शब्दापासून हा शब्द आला असून, त्यांतील 'खि' आणि आपल्या 'नहि' मधील 'हि' हीं एकाच मुळाचीं, असें भाषापंडित मानतात. म्हणजे ग्रीकांचा 'ओही' आणि आपला 'नाहीं' हे दूरचे कां होईना, पण भाऊबंदच!

घडलें तें असें. १९४० सालीं, २८ ऑक्टोबरच्या पहाटे तीनच्या सुमारास इटलीचे वकील ग्राझी हे अथेन्सजवळील किफिसिया येथें पंतप्रधान मेटाक्सास यांच्या घरीं गेले. मुसोलिनीच्या सैन्यास ग्रीसमधील मोक्याचीं ठिकाणें व्यापूं द्यावीं, असा खलिता त्यांनीं हातीं ठेवला. मुदत अवघ्या तीन तासांची. मेटाक्सास यांनीं फ्रेंच भाषेंत उत्तर दिलें, "तर मग हें युद्धच." उजाडतांच लोक रस्त्यांवर लोटले, आणि त्या वाक्याचा एकच शब्द त्यांच्या तोंडीं राहिला: 'ओही'. मेटाक्सास हे स्वतः हुकूमशहा होते. १९३६ च्या ऑगस्टांत त्यांनींच लोकसभा बरखास्त केली होती. म्हणूनच पुष्कळ ग्रीक लोक हा दिवस एका पुरुषाचा न मानतां जनतेचा मानतात, व आम्हांस तें यथार्थ वाटतें. कारण 'नाहीं' म्हणणारा एक असला, तरी त्याची किंमत मोजणारे लाखों होते.

ती किंमत लहान नव्हती. इटलीचें सैन्य अल्बेनियांतून आलें. पिंडस पर्वताच्या थंडीवाऱ्यांत ग्रीक शिपायांनीं तें मागें रेटलें, आणि खेड्यांतील बायकांनीं दारूगोळ्याचीं ओझीं पाठीवर घेऊन चढण चढून पोंचविलीं. परंतु १९४१ च्या एप्रिलांत जर्मनी चालून आला व देश परक्यांच्या ताब्यांत गेला. त्या वर्षींच्या हिंवाळ्यांत अथेन्समध्यें अन्नावांचून हजारों माणसें मेलीं. १९४४ च्या ऑक्टोबरांत अथेन्स मुक्त झालें, आणि त्याच महिन्यांत हा सण प्रथम सरकारी रीतीनें साजरा झाला. त्या वर्षाअखेर तेथें गेलेल्या दोस्तांच्या फौजेंत आपली चौथी हिंदी डिव्हिजनही होती, हें आपल्यांतील थोड्यांसच ठाऊक असेल.

आतां सण कसा होतो तें पाहूं. आदल्या दिवशीं शाळाशाळांतून मुलें नाटुकलीं करतात, कविता म्हणतात, वर्ग निळ्यापांढऱ्या रंगांनीं सजवितात. सणाच्या सकाळीं सज्जासज्जांतून झेंडे लागतात, देवळांत आभारप्रार्थना होते, आणि गांवच्या स्मारकास पुष्पचक्रें वाहिलीं जातात. त्या स्मारकावर गांवच्याच मृतांचीं नांवें कोरलेलीं असतात. त्यामुळें समोर उभ्या असलेल्या आजीस तो कार्यक्रम इतिहासाचा वाटत नाहीं, घरचा वाटतो. मग मुलांचें संचलन निघतें. थेस्सलोनिकी शहरीं तर तीन सण जोडून येतात: २६ ऑक्टोबर हा ग्रामदैवत संत दिमित्रियस याचा दिवस, त्याच तारखेस १९१२ सालीं तें शहर तुर्कांच्या हातून सुटलें, आणि २८ रोजीं तेथें सैन्याचें मोठें संचलन होतें.

शाळेच्या संचलनांत ध्वज धरण्याचा मान सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास देण्याची रीत आहे. आम्ही जन्मभर मुलांत वावरलों, म्हणून ही रीत आम्हांस फार आवडते. पण तिची खरी कसोटी २००० सालीं लागली. थेस्सलोनिकीजवळच्या एका गांवीं पहिला आलेला मुलगा अल्बेनियांतून आलेल्या कुटुंबांतला निघाला. गांवांत गिल्ला झाला. पालक म्हणूं लागले, आमचा झेंडा परक्याच्या हातीं कसा द्यावयाचा? तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनीं मुलाची बाजू घेतली; तथापि तंटा नको म्हणून मुलानें आपण होऊनच तो मान सोडला. तीन वर्षांनीं तो पुनः पहिला आला, आणि पुनः तसेंच घडलें.

वाचकहो, या गोष्टींत आम्हांस त्या सणाचें सारें मर्म दिसतें. बळानें दार ठोठावणाऱ्यास 'नाहीं' म्हणणें हें शौर्य होय. पण अभ्यास करून, आपल्याच मुलांच्या बांकावर बसून, आपलीच भाषा शिकून जो दाराशीं आला, त्यास तोच शब्द ऐकवावा काय? पर्वतावर ओझीं वाहणाऱ्या त्या बायकांनीं हा शब्द इतक्या स्वस्तांत खर्चण्यासाठीं मिळविला नव्हता. सण गांवचा असतो हें खरें. पण गांव कोणाकोणाचा, हें दरवर्षीं नव्यानें ठरवावें लागतें, व तें ठरविणारे मोठेच असतात. घरांतील मुलांस ही हकीकत वाचून दाखवावी, आणि ध्वज कोणाच्या हातीं शोभला असता, हें त्यांनाच विचारावें. त्यांचें उत्तर आपल्यापेक्षां सरळ येईल, असा आमचा भरंवसा आहे.