कॉम्प्युटर नकाशा कसा साठवतो? व्हेक्टर, रास्टर आणि शेताचा बांध

मोबाईलवर नकाशा उघडला की आपल्याला रस्ते, नद्या, शेतं दिसतात. कॉम्प्युटरकडे मात्र असतात फक्त आकडे. मोबाईलमधल्या नकाशावर बोट ठेवून "आपला बांध इथूनच जातो" असं ठामपणे सांगणारे मला नेहमी भेटतात. म्हणून या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, ते आज बघूया.

जागा म्हणजे दोन आकडे

गेटवे ऑफ इंडिया कॉम्प्युटरसाठी असं असतं: अक्षांश १८.९२२, रेखांश ७२.८३४. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. त्यामुळे दशांश चिन्हानंतरचा चौथा आकडा साधारण ११ मीटरचा आणि सहावा ११ सेंटिमीटरचा फरक दाखवतो. पण आकडे जास्त म्हणजे मोजमाप अचूक, असं नाही. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा मोबाईलचा जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे होऊ शकतो.

क्रमही महत्त्वाचा. गूगल मॅप्समध्ये आधी अक्षांश लिहितात, तर जिओजेसन फाईलमध्ये आधी रेखांश. हे उलटसुलट झालं तर आपलं गेटवे थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं!

व्हेक्टर: बिंदू, रेषा, बहुभुज

विहीर म्हणजे एक बिंदू. रस्ता म्हणजे ओळीने जोडलेले बिंदू. शेत म्हणजे बिंदू जोडून बंद केलेला आकार, म्हणजेच बहुभुज. कितीही झूम करा, रेषा फाटत नाही. पण ती दिसते रेखीव म्हणून बरोबरच असेल, असं समजू नका. कोपऱ्याचा बिंदू नोंदवताना चार मीटर चुकला असेल, तर चुकीची रेषाही तितकीच सुबक दिसते.

रास्टर: चौकटींची जाळी

उपग्रहाचा फोटो म्हणजे चौकटींची जाळी आणि प्रत्येक चौकटीत आकडे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या सगळ्यात बारीक फोटोत एक चौकट १० बाय १० मीटरची, म्हणजे १०० चौरस मीटरची असते. आपला एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एका गुंठ्याला एक चौकट, एकराला सुमारे चाळीस!

यावरून पीक कुठे हिरवं आणि कुठे सुकलंय ते छान कळतं. पण हातभर रुंदीचा बांध त्यात दिसणार कसा? कडेच्या चौकटीत तुमचं आणि शेजाऱ्याचं शेत एकत्र मिसळलेलं असतं. गूगल मॅप्समधले फोटो याहून बरेच स्पष्ट असतात, पण फोटो आणि त्यावरची रेषा हे दोन वेगळे थर आहेत. ते एकमेकांवर तंतोतंत बसतीलच असं नाही.

मग करायचं काय?

पिकाची पाहणी, विहिरीची नोंद, रस्ता शोधणं यासाठी मोबाईलचा नकाशा बिनधास्त वापरा. बांधाचा वाद असेल तर मात्र भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. स्क्रीनवरच्या रेषेवरून भाऊबंदकी नको.