होडीला मोटर कोणती: बॅटरीची की पेट्रोलची?

पूर्णेवरचे सिद्धेश्वर असो की पैनगंगेवरचे इसापूर, धरणात जाळी टाकणाऱ्या छोट्या होडीला मोटर कोणती घ्यावी? काठालगत, संथ पाण्यात बॅटरीवरची पुरते. धूर नाही, आवाज जवळजवळ नाही. मात्र आधी बॅटरीचा हिशेब करा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी. पूर्ण वेगात ५० अँपिअर ओढणाऱ्या मोटरीला ती जाऊन-येऊन तासभरच पुरेल. शिवाय तिचे वजन पंचवीस-तीस किलो. पल्ला लांब, होडी भरलेली आणि वारा समोरून असेल, तर लहान पेट्रोल इंजिनच बरे; टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरू नका. मोटर कुठलीही घ्या, वल्ही आणि लाइफ जॅकेट होडीत हवेच.