हाताशी आहे म्हणून हवेच असे नाही

प्रोग्रॅम चालू असताना मेमरीत सतत नवे ऑब्जेक्ट तयार होतात आणि काम सरल्यावर त्यांची जागा मोकळी करावी लागते. सी भाषेत हे ओझे प्रोग्रॅमरच्या शिरावर असते. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी केलेला तोडगा १९६० साली प्रसिद्ध झाला: ही झाडलोट प्रोग्रॅमरने नव्हे, भाषेच्या यंत्रणेनेच करावी. जावा, गो, सी शार्प याच वाटेने गेल्या. मात्र ‘गार्बेज कलेक्टर’ म्हटली जाणारी ही यंत्रणा ऑब्जेक्ट पुढे लागणार आहे का, हे पाहत नाही. चालू फंक्शनांच्या आणि ग्लोबल व्हेरिएबलपासून पत्त्यामागून पत्ता धरत ज्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचता येते, ते ती राखते आणि बाकीचे झाडून टाकते. आयुष्य ठरते ते पोहोचण्यावर, गरजेवर नाही.

हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो ऑब्जेक्टच्या पोटात रोखलेल्या पॉइंटरमुळे, म्हणजे त्याच्या सुरुवातीऐवजी मधल्याच जागेच्या पत्त्यामुळे. गो भाषेत १०० एमबीची फाइल मेमरीत घेऊन तिच्यातल्या दहा अक्षरांचा स्लाइस, म्हणजे त्याच जागेत रोखलेला तुकडा, जपून ठेवला, तर सगळी फाइल अडकून राहते. एका ओळीतल्या खुणेसाठी अख्खा ग्रंथ कपाटात ठेवावा, तसे. कलेक्टर एकसंध दिलेली जागा तुकड्यातुकड्याने परत घेत नाही. जावात असा पॉइंटर नाही, तरी दुखणे तेच होते: सबस्ट्रिंग, म्हणजे मजकुरातून काढलेला तुकडा, मूळ मजकुराच्याच अक्षरांवर उभी राहत असे. २०१२मध्ये जावा ७च्या सहाव्या अपडेटपासून ती त्या अक्षरांची स्वतंत्र प्रत करू लागली.

यावर आक्षेप असा की मेमरी स्वस्त आहे आणि प्रत करायला वेळ लागतो. दुसरा भाग खरा आहे: जावाच्या त्या बदलानंतर सबस्ट्रिंगला तिच्या लांबीच्या प्रमाणात वेळ लागू लागला. क्षणभर वापरायच्या तुकड्यासाठी हा खर्च व्यर्थच. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरच्या कॅशमध्ये असे हजारो तुकडे साठले, तर स्वस्त मेमरीही पुरत नाही. म्हणूनच सी शार्पमधला स्पॅन हा प्रकार असा तुकडा प्रतीविना वापरू देतो, पण दीर्घकाळ जगणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये साठवू देत नाही. गोने २०२२मध्ये स्ट्रिंगची स्वतंत्र प्रत करणारे क्लोन फंक्शन दिले, ते कधी वापरायचे हे मात्र प्रोग्रॅमरवर सोडले. कलेक्टरने मेमरी मोकळी करण्याचे काम उचलले. काय किती काळ जगवायचे, हा निर्णय भाषा रचणाऱ्याने नाही घेतला तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला घ्यावाच लागतो.