‘सरयू’ ते ‘सयुरा’: एका गस्तीनौकेचे हस्तांतर

- सागरी गस्तीनौका: किनाऱ्यापासून दूर, २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात पहारा. हलक्या तोफा, हेलिकॉप्टरसाठी डेक.
- मूळ नौका: आयएनएस सरयू, ‘सुकन्या’ वर्ग. बांधणी हिंदुस्थान शिपयार्ड, विशाखापट्टणम. लांबी सुमारे १०१ मीटर. भारतीय नौदलात १९९१ मध्ये दाखल.
- हस्तांतर: डिसेंबर २०००, श्रीलंकेच्या नौदलाकडे. नवे नाव ‘सयुरा’.
- कामगिरी: २००७ मध्ये लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेची शस्त्रवाहू जहाजे बुडवणाऱ्या मोहिमांत सहभाग.
- फरक: ‘सयुरा’ भारताने वापरून दिलेली, तर मिळत्याजुळत्या नावाची श्रीलंकेची दुसरी गस्तीनौका ‘सयुरल’ (२०१७) गोवा शिपयार्डने श्रीलंकेसाठीच नव्याने बांधलेली.
- नाव पुन्हा सेवेत: नवी आयएनएस सरयूही गोवा शिपयार्डचीच, २०१३ मध्ये भारतीय नौदलात दाखल.