बाकाच्या लाकडाची गिटार



गेल्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांनी स्वतः बनवलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवली. तेव्हापासून आम्हाला तीन प्रश्न सारखे विचारले जात आहेत. ही खरोखर मुलांनीच बनवली का? मशीनने बनवली असेल तर मुले काय शिकली? तिसरा प्रश्न एका विश्वस्त महोदयांचा आहे : ख्याल आणि सरोदच्या या ग्वाल्हेरात, मराठी शाळेत गिटार कशाला? प्रश्न रास्त आहेत, म्हणून उत्तरे सविस्तर देत आहोत.

आवाज येतो कुठून?

सितारीला भोपळा असतो. तारेचे कंपन त्या पोकळीतून मोठे होऊन आपल्या कानावर येते. इलेक्ट्रिक गिटारचे धड मात्र बहुधा भरीव लाकडाचे असते. वीज जोडली नाही तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही.

तिचे काम चालते ते ‘पिकअप’वर. पोलादी तारांच्या खाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेले हेच तत्त्व. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे ‘विद्युत चुम्बकीय प्रेरण’ हा शब्द तोंडात बसलेला. मराठी पुस्तकांत त्याला ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ म्हणतात. तार सेकंदाला ११० वेळा हलली, तर वीजही ११० वेळा मागेपुढे होते. अॅम्प्लिफायर ती मोठी करतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअप गप्प बसतो, हे मुलांनी स्वतः करून पाहिले.

घरी गिटार बनवणारे

घरी गिटार बनवण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडचे आहे. १९६३ मध्ये सोळा वर्षांच्या ब्रायन मे याने आपल्या इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या वडिलांबरोबर गिटार बनवायला घेतली. दांडीसाठी शेकोटीच्या जुन्या चौकटीचे लाकूड घेतले आणि त्यातली किड्यांनी पाडलेली भोके आगकाडीच्या काड्यांनी बुजवली. मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा आणि विणकामाच्या सुईचे टोकही कामी आले. काम सुमारे दोन वर्षे चालले. पुढे ‘क्वीन’ या बँडमध्ये त्याने हीच गिटार आयुष्यभर वाजवली. (या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता.) ब्रायन मे यांनी २००७ मध्ये, साठीत, खगोलभौतिकीत पीएच.डी. पूर्ण केली, हेही पालकांनी लक्षात घ्यावे.

त्या बापलेकांकडे हाताची हत्यारे होती. आज टेबलावर मावणारी तीन यंत्रे मदतीला आहेत : प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवणारा थ्रीडी प्रिंटर, प्रकाशझोताने पातळ फळी कापणारा लेझर कटर आणि संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे सीएनसी यंत्र. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने ही यंत्रे एका छताखाली आणून ‘फॅब लॅब’ सुरू केल्या. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात सुरू झाली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

आमची चूक

आता एक कबुली. लाकूड वापरू या, असे मुले पहिल्यापासून म्हणत होती. आम्हीच आग्रह धरला की दांडीसकट सगळे प्रिंटरवर छापा, म्हणजे यंत्रावर झालेला खर्च विश्वस्तांना दिसेल. प्रिंटरचा पाट २२ सेंटिमीटरचा, म्हणून दांडी तीन तुकड्यांत छापून चिकटवली. तारा चढवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दांडी धनुष्यासारखी वाकली होती.

कारण साधे होते, पण आम्ही विचारले नव्हते. गिटारच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ४० ते ५० किलो असतो. म्हणजे आठवीतले एक मूल दांडीला रात्रंदिवस लोंबकळत आहे असे समजा. आमच्या प्रिंटरचे पीएलए प्लॅस्टिक सततच्या ताणाखाली हळूहळू सरकते आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत एवढी उष्णता सहज होते. मुलांची तीन आठवड्यांची मेहनत आमच्या हट्टापायी गेली. आम्ही वर्गात जाऊन तसे सांगितले.

दुसऱ्या खेपेस लाकूड आले ते तळघरात पडलेल्या मोडक्या बाकांचे. जुना सागवान, चांगला मुरलेला. दांडी सागवानाची, तिच्यावर शिसवीची पट्टी आणि पोटात पोलादी सळई. ही सळई पिळून दांडीचा बाक कमीजास्त करता येतो. दांडी धडाला चार स्क्रूंनी जोडली. १९५० मध्ये लिओ फेंडर यांच्या गिटारी बाजारात आल्या, त्याही अशाच स्क्रूने जोडलेल्या दांडीच्या होत्या. दांडी बिघडली तर ती तेवढीच बदलता येते.

धडाची जाडी ४५ मिलिमीटर, आणि आमचे सीएनसी यंत्र लहान. म्हणून लेझरने फळीचा साचा कापला आणि एका पालकांनी, जे व्यवसायाने सुतार आहेत, त्या साच्यावरून धड कसे कापायचे ते मुलांना शिकवले. प्रिंटरने पिकअपची रिळे, बटणे आणि मागचे झाकण छापले. ज्याचे काम त्यालाच द्यावे, हा धडा मुलांपेक्षा आम्हाला जास्त मिळाला. पिकअपचे सुमारे सात हजार वेढे मुलांनी ड्रिल मशीनला रीळ बांधून दिले. तार दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

पडद्यांचे गणित

खरी परीक्षा पडद्यांची. मोकळ्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर घेतली. सप्तकात बारा समान पायऱ्या आणि बारावीला तार निम्मी व्हायला हवी. म्हणून उरलेल्या लांबीला दर पडद्याला १.०५९४६ ने भागत जायचे. बारा वेळा भागले की बरोबर अर्धी होते. पहिला पडदा माथ्यापासून ३६.४ मिलिमीटरवर, सातवा २१५.५ वर, बारावा ३२४ वर. मुलांनी आधी प्रत्येक पडदा मागच्या पडद्यापासून मोजला, तेव्हा छोट्या चुका साठत जाऊन बारावा दोन मिलिमीटरने हुकला. मग सगळी मापे माथ्यापासूनच घेतली आणि खुणा लेझरने उमटवल्या.

गिटार तयार झाली. संगीताच्या बाईंनी तंबोरा लावला, मोकळी तार षड्जात मिळवली आणि चौथा पडदा दाबायला सांगितला. बाई म्हणाल्या, “गंधार चढा आहे.” मुलांचे चेहरे उतरले. पुन्हा मोजले. पडदा हिशेबाप्रमाणे १३३.७ वरच होता.

मग फळ्यावर गणित मांडले. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जाच्या ५/४ पट असतो. त्यासाठी तार ४/५ उरायला हवी, म्हणजे पडदा १२९.६ वर यायला हवा. गिटारचा पडदा त्याच्या पुढे तब्बल ४ मिलिमीटर! पंचम ३/२ पट, म्हणजे २१६; गिटारचा २१५.५, फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणून पंचम कानाला खटकला नाही आणि गंधार खटकला. गिटारच्या बारा पायऱ्या समान ठेवल्या आहेत, कारण पाश्चात्त्य संगीतात षड्ज सारखा बदलावा लागतो. त्या सोयीची किंमत गंधाराने मोजली आहे. बाईंचा कान बरोबर होता आणि मुलांची पट्टीही बरोबर होती.

विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाला आमचे उत्तर हेच आहे. शुद्ध गंधार कुठे असतो, हे नववीच्या वर्गाला यापूर्वी आम्ही कधी शिकवू शकलो नव्हतो. त्यानंतर ही मुले आपणहून सरोद घर पाहायला गेली. सितारीचे पडदे सरकतात आणि सरोदला पडदेच नसतात, याचे कारण आता ती सांगू शकतात.

घरी करू इच्छिणाऱ्यांसाठी

लेझरखाली पीव्हीसी किंवा रेक्झिन कधीही घालू नये. क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो. लाकूड घासताना तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवा. डाग देताना खिडकी उघडी ठेवावी. गिटारमधली वीज निरुपद्रवी असते, पण अॅम्प्लिफायर घरच्या विजेवर चालतो : त्याला अर्थिंग असलेलाच प्लग लावावा आणि तो उघडू नये, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहू शकतो.

पुढच्या सत्रात सरकत्या पडद्यांची दांडी करून पाहायची आहे. कोणाकडे जुने सागवान किंवा शिसवी पडून असेल तर शाळेत पाठवावे. सुतारकाम जाणणाऱ्या पालकांचे शनिवारी प्रयोगशाळेत स्वागत आहे. गिटार ग्रंथालयात ठेवली आहे. विश्वस्त मंडळींनी येऊन चौथा पडदा स्वतः दाबून पाहावा, ही विनंती.

आपला,
प्राचार्य