मॅट की खांब?

भातकापणी उरकली, शेतं मोकळी झाली की रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांवर कबड्डीची मैदानं तयार होऊ लागतात. माती चाळायची, पाणी मारून दाबायची, रेषा आखायच्या, दिव्यांची सोय करायची. शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर मात्र खो-खोचे दोन खांब उभे असतात. नीट पाहिलं तर दोन्हीकडे पुष्कळदा तीच मुलं दिसतात. शाळेतल्या खो-खोने पाय तयार झालेले असतात आणि पुढे गावच्या मंडळाने कबड्डीत ओढून घेतलेलं असतं. बारावीपर्यंत हे निभावतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आलं की घरचे, सर, मंडळातले दादा सगळे एकच विचारू लागतात: आता नक्की कुठला खेळ?

हा प्रश्न आजच्या रूपात वीस वर्षांपूर्वी कुणाला पडत नव्हता. तेव्हा दोन्ही खेळांचं टोक एकच होतं. रेल्वे, पोलीस, बँक किंवा मुंबईतल्या एखाद्या कंपनीच्या संघात नोकरी मिळाली की खेळाचं सार्थक झालं. जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम झाला आणि मातीतल्या या दोन्ही खेळांना व्यावसायिक रूप आलं. त्यासोबत ऐकीव गोष्टींचं पीकही आलं. मुलांचे निर्णय आज त्याच गोष्टींवर होत आहेत आणि त्यांची किंमत मुलंच मोजत आहेत.

त्यातली सर्वांत मोठी ऐकीव गोष्ट म्हणजे ‘कबड्डीत कोटी मिळतात’.

मिळतात, हे खरंच आहे. २०१८च्या लिलावात मोनू गोयतवर हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाखांची बोली लावली. मुंबईच्या रिशांक देवाडिगाला त्याच लिलावात १ कोटी ११ लाख मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई पुढच्याच हंगामात १ कोटी ४५ लाखांवर पोहोचला, आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले. बातमी या आकड्यांचीच होते. पण लिलावाची पायाभूत रचना पाहिली की चित्र जमिनीवर येतं. अलीकडच्या हंगामांत खेळाडूंचे चार गट केले गेले आणि त्यांच्या मूळ किमती ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख अशा ठरल्या. बोली लागलीच नाही, तर मूळ किंमतही हाती येत नाही. लीगमध्ये बारा संघ आहेत आणि एका संघात १८ ते २५ खेळाडू. म्हणजे साऱ्या देशासाठी जागा साधारण सव्वादोनशे ते तीनशे, आणि त्यातल्या काही इराणसारख्या देशांतून येणाऱ्या खेळाडूंच्या. कोकणातल्या मुलाला हरियाणातल्या, उत्तर प्रदेशातल्या, तामिळनाडूतल्या मुलांशी झुंजून यातली एक जागा मिळवायची असते.

वाट बंद आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. चिपळूण तालुक्यातल्या कोळकेवाडीचा शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यावर पकडी करत प्रो कबड्डीत पोहोचला, तिथे टिकला आणि २०२४च्या हंगामासाठी पाटणा पायरेट्सने त्याला कर्णधार नेमलं. त्या हंगामात पाटणा अंतिम सामन्यापर्यंत गेला. रत्नागिरीच्या मुलांनी कोटींच्या आकड्यापेक्षा ही वाटचाल पाहावी. चढाईपटूंच्या मागे सारा देश धावत असताना कोपरा सांभाळणाऱ्या चांगल्या बचावपटूची गरज प्रत्येक संघाला असते. नवे तरुण खेळाडूही बहुतेक वेळा थेट लिलावातून येत नाहीत. संघ निवड चाचण्या घेतात आणि त्यांतून निवडलेल्या मुलांना नवोदितांच्या करारावर घेतात. गावच्या स्पर्धेत ‘सर्वोत्कृष्ट चढाई’चा चषक मिळाला म्हणून फोन येत नाही. जिल्ह्याच्या, राज्याच्या कुमार गटाच्या संघात नाव लागलं की नजर पडते.

आणखी एक गोष्ट बोलींच्या बातम्यांत येत नाही. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि उरलेला हंगाम तो बाकावरच राहिला. त्याच्या नावाला वजन होतं, म्हणून पुढच्या वर्षी त्याच्यावर त्याहून मोठी बोली लागली. नवोदित मुलाचा गुडघा गेला, तर त्याच्यासाठी वर्षभर थांबणारं कुणी नसतं.

कबड्डीचं असं कौतुक, तर ‘खो-खोत काही राम नाही’ ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. ती पाच-सात वर्षांपूर्वी काहीशी खरी होती. १९९८ सालच्या अर्जुन पुरस्कारानंतर खो-खोच्या वाट्याला पुढचा अर्जुन यायला २०२० साल उजाडलं, आणि तो मिळवला धाराशिवच्या सारिका काळे हिने. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. पुढे ती शासनाच्या क्रीडा विभागात अधिकारी झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या पुरुष संघाने नेपाळला ५४-३६ असं हरवलं, महिला संघाने नेपाळलाच ७८-४० असं, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. महाराष्ट्र शासनाने आपल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये दिले. कर्नाटकातल्या दोन विजेत्या खेळाडूंनी आपल्या राज्याने देऊ केलेले पाच लाख नाकारले, तेव्हा त्यांनी दाखला महाराष्ट्राचाच दिला होता.

तरीही इथे स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. विश्वचषक जिंकणाऱ्या संघात पंधरा जण असतात. अल्टिमेट खो-खोमध्ये संघ सहा, आणि पहिल्या हंगामात सर्वांत वरच्या गटाचं मानधन होतं ५ लाख, सर्वांत खालच्या गटाचं १ लाख. म्हणजे खो-खोतल्या पहिल्या फळीच्या खेळाडूचं मानधन प्रो कबड्डीतल्या सर्वांत खालच्या गटाच्या मूळ किमतीहूनही कमी. खो-खो आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकाचा खेळ नाही. कबड्डी १९९० पासून आहे. लीगच्या पैशाचा विचार केला तर कबड्डी पुढे आहे, यात शंका नाही.

पण लीगचा पैसा किती मुलांना मिळणार? उरलेल्यांचं आयुष्य नोकरीवर उभं राहतं, आणि तिथे हिशेब बदलतो. महाराष्ट्र शासनाच्या सरळसेवा भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यात कबड्डी व खो-खो दोन्ही धरले जातात. स्पर्धा कुठल्या दर्जाची आणि क्रमांक कितवा, यावर पात्रता ठरते. महाराष्ट्राचे खो-खो संघ राष्ट्रीय स्पर्धांत सातत्याने पदकं आणतात. उलट पुरुष कबड्डीत महाराष्ट्राला राष्ट्रीय विजेतेपदासाठी अकरा वर्षं थांबावं लागलं होतं, तेव्हा कुठे २०१८ च्या सुरुवातीला हैदराबादेत ते मिळालं. राष्ट्रीय पदकाचं प्रमाणपत्र हातात पडण्याची शक्यता कुठे जास्त, याचं उत्तर महाराष्ट्रातल्या खो-खोपटूच्या बाजूने झुकतं. अर्थात, आधी महाराष्ट्राच्या संघात जागा मिळवावी लागते, आणि तीही अवघडच.

मुलींच्या बाबतीत तर ‘दोन व्यावसायिक खेळ’ हा शब्दच फसवा आहे. प्रो कबड्डीने २०१६ मध्ये तीन संघांची महिलांची स्पर्धा भरवली, ती पुढे चालू ठेवली नाही. अल्टिमेट खो-खोचे दोन्ही हंगाम पुरुषांचेच झाले. रत्नागिरीच्या मुली खो-खोत उत्तम आहेत. ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार ही इथलीच नावं महाराष्ट्राच्या संघात गाजली. तेव्हा मुलीने ‘कबड्डीत पैसा आहे’ हे ऐकून खांब सोडू नये. तो पैसा आज तिच्यासाठी ठेवलेला नाही. हे अन्यायाचं आहे आणि बदलायला हवं. पण तोवर तिचा निर्णय राष्ट्रीय संघ आणि नोकरी या दोनच गोष्टींकडे पाहून झाला पाहिजे.

आता खेळाच्या अंगाचा गैरसमज. ‘खो-खो खेळणारा कबड्डीत सहज चमकतो’, असं मैदानावर सर्रास म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. संरक्षणात हुलकावणी देणारे, क्षणात अंग वळवणारे पाय चढाईपटूला उपयोगी पडतात. आक्रमकाने सूर मारून गडी टिपणं आणि कोपऱ्यावरून घोटा धरणं यांतही एक नातं आहे. पण खो-खोची सारी विद्या अंगाला हात लागू न देण्याची आहे. नऊ जणांपैकी आठ पाटीवर बसतात, धावणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत ती बदलता येत नाही, आणि संरक्षकाला मात्र मैदान मोकळं. २७ मीटर लांबीच्या मैदानावर मिनिटामागून मिनिटं टिकायचं, तर शरीर हलकं आणि दम मोठा हवा. कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. चढाई ३० सेकंदांची. तिथे दोन-तीन पकडपटू अंगावर येतात, तेव्हा मांड्या, पाठ आणि खांदे यांची ताकद निर्णायक ठरते. पुरुषांची वजनमर्यादा ८५ किलोपर्यंत जाते. साठ किलोच्या खो-खोपटूला मॅटवर उभं राहायचं, तर स्नायू वाढवावे लागतात, आणि तेच वाढलेलं वजन खांबाभोवती धावताना त्याला जड होतं. निवड करावी लागते ती या शारीरिक कारणासाठी, साधारण एकोणीस-वीस वर्षांच्या सुमारास. त्याआधी तिची सक्ती करण्याचं कारण दिसत नाही.

म्हणूनच ‘दहावीतच एक खेळ धरला नाही तर उशीर झाला’ ही समजूत सर्वांत घातक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सल्ला दिला की, बहुतेक खेळांत पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलांना एकाच खेळाला जुंपू नये. त्याने अतिताणाच्या दुखापती वाढतात आणि मन विटतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडून स्पर्धात्मक धावण्याकडे वळला. २०२२ मध्ये त्याने राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य आणलं. ऑस्ट्रेलियाची अ‍ॅश बार्टी टेनिस सोडून एक हंगाम व्यावसायिक क्रिकेट खेळली, पुन्हा टेनिसकडे परतली आणि २०२१ मध्ये विम्बल्डन जिंकली.

कॉलेजच्या खेळाडूसमोर दोन व्यावसायिक खेळ उभे ठाकण्याची जुनी सवय अमेरिकेला आहे. नोत्र दाम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातला जेफ समार्झिया हा झेल घेणारा अव्वल रिसीव्हर होता. तो बेसबॉलमध्ये चेंडूही फेकायचा. कॉलेजचे सारे फुटबॉल हंगाम पुरे करून जानेवारी २००७ मध्ये त्याने शिकागो कब्जबरोबर पाच वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला आणि फुटबॉल सोडलं. बेसबॉलमध्ये तो २०२० पर्यंत टिकला. कायलर मरेने नेमकं उलट केलं. २०१८ मध्ये बेसबॉलच्या निवडीत नवव्या क्रमांकावर घेतला गेलेला हा मुलगा पुढच्या वर्षी फुटबॉलच्या निवडीत पहिला आला आणि तिकडेच गेला. दोघांचे निर्णय वेगळे, पण वेळ एकच. दोन्ही खेळांत आपली पातळी काय आहे हे मोठ्या मैदानावर तपासून झाल्यानंतरच त्यांनी निवडलं.

चकाकीकडे पाहून केलेल्या निवडीचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. मद्रासचे एम. जे. गोपालन हॉकी आणि क्रिकेट दोन्हींत निष्णात होते. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकची हॉकी सोडून ते क्रिकेट संघाबरोबर इंग्लंडला गेले. त्या दौऱ्यात त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवून सुवर्ण आणलं.

शेवटचा गैरसमज कॉलेजविषयीचा आहे. लीगमध्ये जायचं तर शिक्षण सोडावं लागतं, असं समजून हजेरीवर पाणी सोडणारी मुलं दर वर्षी दिसतात. २०२५चा प्रो कबड्डीचा हंगाम २९ ऑगस्टला सुरू झाला आणि ३१ ऑक्टोबरला संपला. म्हणजे दोन महिने. उरलेले दहा महिने पदवीसाठी पुरतात. सिद्धार्थ देसाई भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे.

आणि मंडळांच्या स्पर्धांविषयी एक गोष्ट मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावी. गावोगावच्या निमंत्रित स्पर्धांतली रोख बक्षिसं आणि चषक आनंद देतात, पण खेळाडूंच्या आरक्षणात ती प्रमाणपत्रं धरली जात नाहीत. मान्यताप्राप्त संघटनेच्या आणि शासनाच्या स्पर्धांचीच धरली जातात, आणि त्यांचीही क्रीडा विभागाकडून पडताळणी व्हावी लागते. यंदा दोन्ही खेळ खेळणाऱ्या मुलामुलींनी आपली सारी प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये लावावीत आणि रत्नागिरीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन त्यातली कुठली ग्राह्य ठरतात हे विचारून यावं. खेळ कुठला निवडायचा, हे त्यानंतर ठरवावं.